तुम्ही विचारलंत म्हणून : पिस्तूल उचलल्यावर हात थरथरतो, त्याचे काय करावे?

नेमबाजीच्या रेंजवर नव्याने आलेली माणसे, आणि मुलांना घेऊन आलेले पालक तर हमखास, मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात: पिस्तूल उचलले की हात थरथरतो, समोरचे काळे वर्तुळ नाचू लागते, ट्रिगर ओढायचा धीर होत नाही आणि ओढलाच तर नेम भलतीकडे जातो; मग आत्मविश्वास यायचा तरी कसा? या प्रश्नामागे असा एक समज असतो की आधी थरथर थांबेल आणि मग आत्मविश्वास येईल. तो क्रम मला मान्य नाही. थरथर कमी होते, पण पूर्ण थांबत कोणाचीच नाही. पंचवीस वर्षे खेळणाऱ्याचीही नाही. ती असताना शॉट कसा सोडायचा हे ज्याला कळले, त्याचा धीर वाढतो.

महाराष्ट्रात पिस्तूल शिकणे म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत 10 मीटर एअर पिस्तूल, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणारे पिस्तूल. मग रेंज बालेवाडीची असो, वरळीची असो की कोल्हापुरातली दुधाळीची. एका हातात, कसलाही आधार न घेता धरायचे हे हत्यार दीड किलोपर्यंत वजनाचे असू शकते, आणि खांद्याच्या रेषेत लांब केलेल्या हाताला ते पहिल्या आठवड्यात फारच जड वाटते. परंतु थरथरीचा खरा परिणाम किती होतो, याचा हिशेब कोणी मांडून दाखवत नाही, म्हणून तो इथे मांडतो.

एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचे असते आणि त्याबाहेरची प्रत्येक रेषा आणखी 8 मिलिमीटर अंतरावर असते. पेलेट, म्हणजे पिस्तुलातून सुटणारा छर्रा, 4.5 मिलिमीटरचे असते आणि त्याची कड रेषेला लागली तरी वरचा गुण मिळतो. आता समजा, पुढची साईट (नळीच्या टोकाकडचे नेम धरायचे पाते) मागच्या साईटच्या खाचेत अगदी मधोमध बसली आहे, पण थरथरीमुळे त्या दोन्ही मिळून लक्ष्यावर 1 सेंटीमीटर बाजूला रोखल्या गेल्या आहेत. पेलेट 1 सेंटीमीटर बाजूला जाईल आणि गुण मिळेल नऊ. याउलट, हात दगडासारखा स्थिर आहे, पण मनगट किंचित वळल्यामुळे पुढची साईट खाचेत 1 मिलिमीटर सरकली आहे. दोन साईट्समधले अंतर साधारण 32 सेंटीमीटर आणि लक्ष्य 10 मीटरवर, म्हणजे तो एक मिलिमीटर लक्ष्यापर्यंत पोहोचताना तीसपटींहून अधिक वाढतो. पेलेट 3 सेंटीमीटर बाजूला जाते आणि गुण मिळतो सात. ज्या थरथरीची नवशिक्याला धास्ती असते तिने एक गुण गेला, आणि जे मनगट त्याच्या ध्यानातही नव्हते त्याने तीन गुण नेले.

हा हिशेब एकदा पटला की नजर कुठे ठेवायची याचा वाद मिटतो. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो, त्यामुळे पुढची साईट धारदार दिसली पाहिजे आणि काळे वर्तुळ धूसर राहिले पाहिजे. नवशिक्याला हे पटवणे अवघड जाते, कारण ज्याला मारायचे तेच धूसर ठेवा, असे सांगणे त्याला उफराटे वाटते. म्हणूनच पिस्तुलात नेम काळ्याच्या मध्यावर धरण्याऐवजी त्याच्या खालच्या पांढऱ्या भागात धरतात; पेलेट मध्यावर जाईल अशी साईट आधीच जुळवलेली असते. तिथे नेमका बिंदू नसतो, एक पट्टा असतो, आणि त्या पट्ट्यात साईट हलत राहिली तरी चालते, ही मुभा मनाला फार उपयोगी पडते.

खरा घात होतो तो ट्रिगरवर. साईट हलताहलता एका क्षणी सगळे जुळल्यासारखे दिसते, आणि 'आत्ताच' म्हणून बोट झटका देते. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान 500 ग्रॅम वजन उचलेल असा ठेवावा लागतो. तेवढा दाब हलक्या हाताने वाढवता येतो, पण झटक्याने दिला तर मनगट त्याच्याबरोबर वळते आणि वरचा सात गुणांचा प्रकार घडतो. माझ्या मते नवशिक्याचा पहिला आत्मविश्वास इथे तयार व्हायला हवा: साईट पट्ट्यात हलते आहे हे दिसत असतानाही दाब न थांबवता, न घाई करता वाढवत नेणे, आणि शॉट सुटल्यावरही दोन-तीन सेकंद हात तिथेच ठेवणे. स्पर्धेच्या पिस्तुलांत पेलेटशिवाय ट्रिगर चालवण्याची सोय असते, आणि हा सराव त्या ड्रायमध्येच करावा. तिथे भोक पडत नाही, त्यामुळे गुणांची लाज नाही. पण ट्रिगर सुटताना पुढची साईट उडाली की नाही, ते लख्ख दिसते. त्यानंतर लक्ष्य उलटे लावून कोऱ्या पांढऱ्या कागदावर मारायला सांगतो. पालकांना हे पैसे वाया घालवणे वाटते. मला ते सर्वांत मोलाचे वाटते.

कागदावर मारायला लागल्यावर मी गुण विचारत नाही. मॉनिटरकडे किंवा दुर्बिणीकडे पाहण्याआधी शॉट कुठे गेला ते सांगायचे, एवढीच अट घालतो. 'खाली उजवीकडे, सात' असे म्हणून पाहिले आणि तो खरोखरच खाली उजवीकडे सात निघाला, तर तो शॉट वाईट असूनही शिकण्याच्या दृष्टीने उत्तम. याउलट दहा आला आणि का आला ते सांगता आले नाही, तर त्या दहावर फारसा विश्वास ठेवू नये. सगळी भोके एकाच बाजूला जवळजवळ पडली असतील तर तेही चांगलेच; साईटचा स्क्रू दोन-चार क्लिक फिरवला की तो भोकांचा ग्रुप मध्यावर येतो. विखुरलेल्या भोकांसाठी मात्र कोणताही स्क्रू नाही.

दुसरी गोष्ट पिस्तूल खाली ठेवण्याची. स्पर्धेत 60 शॉट्ससाठी 75 मिनिटे असतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. उचलल्यापासून साधारण 10 सेकंदांत शॉट सुटला नाही तर डोळा थकतो, श्वास अडखळतो आणि हलणे वाढते. अशा वेळी हात खाली घेऊन पुन्हा सुरुवात करायची. नवशिक्याला ती माघार वाटते, मागे उभे असलेले लोक काय म्हणतील असे वाटते, आणि तो तेराव्या-चौदाव्या सेकंदाला कसाबसा ट्रिगर ओढून टाकतो. सरावात मी ठरवूनच काही वेळा पूर्ण नेम धरून शॉट न सोडता हात खाली घ्यायला लावतो, म्हणजे त्याची सवय होते.

चुकण्याची भीती फार असेल तर कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबत हिचा 2018 सालचा जकार्ता आशियाई स्पर्धेतला 25 मीटर पिस्तुलाचा अंतिम सामना आठवावा. थायलंडच्या स्पर्धकाशी 34-34 अशी बरोबरी झाली, बरोबरी सोडवण्यासाठीच्या पाच शॉट्सच्या पहिल्या फेरीत, म्हणजे शूट-ऑफमध्येही दोघींचे चार-चार लागले, आणि दुसऱ्यात राहीने 3-2 अशी बाजी मारली. सुवर्णपदक ठरवणाऱ्या पाच शॉट्सपैकी तिचे दोन चुकले होते.

(पॅरिस ऑलिंपिकनंतर 'दुसरा हात खिशात घालू का?' हा प्रश्नही वाढला आहे. तुर्कस्तानचे नेमबाज युसुफ दिकेच यांचे एक हात खिशात घालून नेम धरतानाचे छायाचित्र गाजले खरे, पण मोकळा हात खिशात घालणे किंवा कमरेच्या पट्ट्यात अडकवणे ही पिस्तूलवाल्यांची जुनीच रीत आहे. तो हात लोंबकळत राहिला तर शरीराचा तोल हलतो.)

काहींची भीती मात्र हत्याराचीच असते, आणि तिची चेष्टा करू नये. नळी कायम लक्ष्याच्या दिशेने, शॉटची वेळ येईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, टेबलावर ठेवलेल्या पिस्तुलात सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामे असल्याची खूण), आणि 'लोड', 'स्टार्ट', 'स्टॉप', 'अनलोड' या आज्ञांखेरीज काहीही करायचे नाही, हे नियम अंगवळणी पडले की ही भीती बरीच ओसरते. आवाजाची आणि धक्क्याची भीती पुढे .22 पिस्तूल, म्हणजे दारूच्या गोळीचे पिस्तूल, हातात आल्यावर उपटते. तेव्हा कानात बोळे आणि वरून मफ असे दुहेरी संरक्षण घ्यावे. तरीही हात दचकत असेल तर प्रशिक्षक शिकणाऱ्याला न सांगता कधी खरी गोळी, कधी डमी (न उडणारी खोटी गोळी) भरून देतो. डमीवर ट्रिगर ओढला की धडाका होत नाही, पण नळी खाली मान टाकते, आणि ते शिकणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. मग नळी हलायची थांबेपर्यंत त्या दिवशी गोळ्या कमी आणि डमी जास्त.