आमची वाटचाल : पिळापासून खडकापर्यंत

तेलविहीर खोदताना ड्रिल बिट (खडक कापणारे टोक) आणि त्यामागची ड्रिलस्ट्रिंग (एकमेकांना जोडलेल्या पाइपांची लांब साखळी) खडकात कशी वागेल, हे संगणकावर आधी तपासून द्यायचे, एवढ्या एकाच कामासाठी आम्ही दोघा मित्रांनी ही फर्म काढली.

पहिले मॉडेल फक्त पीळ मोजणारे होते. 5 इंची पाइपची 3,000 मीटर लांबीची ड्रिलस्ट्रिंग लांबी-जाडीचे प्रमाण तेच ठेवून लहान केली, तर ती 1 मिलिमीटर जाडीची आणि 23 मीटरहून लांब तार होते. पोलादात पिळाची लाट सेकंदाला सुमारे 3,200 मीटर धावते. त्यामुळे तळाशी बिट अडकले, तर ते वर कळायला जवळपास एक सेकंद लागतो आणि मिनिटाला 120 फेऱ्यांची गती असेल, तर तेवढ्यात रिगवरच्या (विहिरीच्या तोंडाशी उभ्या यंत्रणेवरच्या) मोटरने पाइपला आणखी दोन फेऱ्यांचा पीळ घातलेला असतो. साठलेला पीळ पुरेसा झाला की बिट सुटते, वरच्या गतीच्या दुप्पट-तिप्पट वेगाने गरगरते आणि पुन्हा अडकते. यालाच स्टिक-स्लिप म्हणतात.

आमच्या पहिल्या ग्राहकाची तक्रार हीच होती. बिटवरचा भार कमी करून फेऱ्या वाढवाव्यात, असा सल्ला आम्ही दिला आणि वर दिसणारा टॉर्कचा, म्हणजे पिळाच्या बळाचा, चढउतार खरोखरच थांबला. मात्र बिट बाहेर काढले, तेव्हा बाहेरच्या कडेच्या कटरांवरचा (खडक कापणाऱ्या दातांवरचा) कृत्रिम हिऱ्याचा थर पाठीमागून उडालेला होता. खडक कापताना भार कटरच्या तोंडावर येतो. पाठीला मार बसतो तो बिट विहिरीच्या भिंतीवर उलट्या दिशेने घरंगळू लागले की, म्हणजे बॅकवर्ड व्हर्लमध्ये. आमच्या मॉडेलमध्ये ड्रिलस्ट्रिंग विहिरीच्या मधोमध सरळ उभी होती, तिला आडवे हलण्याची मुभाच आम्ही ठेवली नव्हती. चूक आमची होती. ती ग्राहकाला लेखी कळवून आम्ही ते काम पुन्हा, विनामूल्य केले.

त्यानंतर फायनाइट एलिमेंट पद्धतीने (वस्तूचे लहान लहान तुकडे करून गणना करण्याच्या पद्धतीने) कॉलर (बिटवर भार देणारे जाड, जड पाइप), स्टॅबिलायझर (पाइपला विहिरीच्या मध्यावर धरणारे भाग) आणि भिंतीशी होणारी प्रत्येक टक्कर मॉडेलमध्ये आली. टक्कर टिपायची तर गणनेचा काळटप्पा फार बारीक घ्यावा लागतो, त्यामुळे काही सेकंदांच्या हालचालीसाठी संगणक रात्रभर चालत असे. तरीही खरी मेहनत खडकानेच करायला लावली. गती वाढली की बिट आणि खडक यांच्यातले घर्षण घटते, असा नियम आम्ही सुरुवातीला सरळ गृहीत धरला होता. या विषयातले संशोधक एमान्युएल देतुर्ने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मांडले की, हे घटणे मूळ कारण न मानताही स्टिक-स्लिप उद्भवतो: बिटचे प्रत्येक पाते (कटरांची रांग बसवलेला उंचवटा) किती खोल कापेल, हे आधीचे पाते तिथून गेले तेव्हा बिट किती खोल होते यावर ठरते, आणि मागच्या क्षणावरच्या या अवलंबित्वामुळे उभे कंपन आणि पीळ एकमेकांत गुंततात. हे समजून घेऊन आम्ही बिट आणि खडक यांच्यातील बळांचा भाग मुळापासून नव्याने लिहिला. त्या कामाचे आम्हाला आजही सर्वाधिक समाधान आहे.

आता शेलमध्ये (चिखल घट्ट होऊन बनलेल्या थरांच्या खडकात) कठीण खडकाचे पातळ थर येणार असतील, तर प्रत्येक थरासाठी भार आणि फेऱ्यांची वेगळी मर्यादा आम्ही ग्राहकाला देतो आणि काम संपल्यावर बाहेर आलेल्या बिटची सर्व बाजूंची छायाचित्रे आवर्जून मागतो. पहिल्या ग्राहकाने ते तुटलेले बिट आम्हालाच देऊन टाकले. नव्या अभियंत्याला संगणकावर बसवण्याआधी आम्ही ते त्याच्यासमोर ठेवतो आणि कोणत्या कटरला कोणत्या बाजूने मार बसला, हे खडूने खुणा करून दाखवायला सांगतो.