सहा वेढे आणि चिमूटभर कापूस

रात्री तीनच्या सुमारास कारखान्याच्या मागच्या आवारात व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढायला उभा राहिलो आणि पहिल्याच झुरक्याला घशात जळक्या चिंधीची चव आली. कॉइल, म्हणजे निकोटीनचं लिक्विड तापवून त्याची वाफ करणारी तारेची गुंडाळी, गेली होती. चारच दिवसांपूर्वी घातलेली तयार कॉइल, आणि जवळ दुसरी नव्हती. सुट्टी संपायला वीस मिनिटं होती. रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपावर गेलो, सिगारेटचं पाकीट घेतलं आणि पहाटेपर्यंत त्यातल्या पाच ओढल्या. त्याआधी सात आठवडे एकही ओढली नव्हती.

ही २०२२ च्या फेब्रुवारीतली गोष्ट, बर्मिंगहॅममधली. त्या पाच सिगारेटी मला आजही आठवतात. चौदा वर्षं दिवसाला पंधरा ओढत होतो. निकोटीनचा डिंक झाला, निकोटीनच्या पट्ट्या झाल्या. शेवटी इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या मोफत सल्लाकेंद्रातल्या बाईंनी व्हेप सुचवला. त्यांनी दोन गोष्टी एकाच दमात सांगितल्या: सिगारेटपेक्षा याचा धोका बराच कमी आहे, पण हे निर्धोक नाही, आणि ज्याने कधी सिगारेट ओढली नाही त्याने याला हातही लावू नये. मला ते पटलं होतं, आजही पटतं. पण सिगारेटपासून लांब राहणं एका बोटभर लोखंडी नळीतल्या कॉइलवर अवलंबून असेल, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. एका पाकिटात पाच कॉइल यायच्या. एखादी दोन आठवडे चालायची, एखादी तिसऱ्या दिवशी जळायची. आत काय आहे ते दिसत नाही आणि उघडताही येत नाही.

त्या रात्रीनंतर ठरवलं की कॉइल स्वतः करायची. तार वळणं मला परकं नव्हतं. माझ्या बाबांचं इचलकरंजीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. यंत्रमागाच्या जळालेल्या मोटरी येतात, बाबा आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसतात, वेढे मोजतात, वहीत लिहितात आणि तेवढेच नव्या तारेचे घालतात. शाळेत असताना वहीत आकडे लिहायचं काम माझं असायचं.

तरीही पहिली चूक मोठीच झाली. ज्यात कॉइल आपण बसवायची तो अ‍ॅटमायझर, म्हणजे व्हेपचा टाकीवाला वरचा भाग, घेतला, त्यावर दोन कॉइलची जागा होती. दुकानातल्या पोराने सांगितलं तशी २४ गेजची (गेज म्हणजे जाडीचा नंबर, आकडा लहान तितकी तार जाड) जाड कँथल तार घेतली, ३ मिलिमीटरच्या दांड्यावर पाच-पाच वेढ्यांच्या दोन कॉइल वळल्या. एकेक कॉइल साधारण अर्ध्या ओहमची, दोन्ही समांतर जोडल्यावर मीटरवर ०.२४ दिसलं. यंत्र ६० वॉटवर लावलं. वाफ इतकी आली की खोलीतला दिवा अंधूक झाला. पण टाकीत लिक्विड मात्र माझं नेहमीचं होतं, मिलीलिटरला १२ मिलीग्रॅम निकोटीनचं. चार झुरक्यांत डोकं गरगरायला लागलं, छाती धडधडली, आणि मी अर्धा तास जमिनीवर पाठ टेकून पडलो.

चूक तारेची नव्हती, निवडीची होती. सिगारेट ओढणारा आधी धूर तोंडात घेतो, मग आत ओढतो. मला तोच सवयीचा, बारीक, अडवून येणारा झुरका हवा होता. थेट छातीत ओढायच्या कॉइल वेगळ्या. त्यात रोध कमी, ताकद जास्त, हवा मोकळी, आणि एका झुरक्यात लिक्विड कितीतरी पटींनी उडतं. त्यात निकोटीन ३ च्या आसपासच हवं. कोणती तार, किती वेढे, हे विचारण्याआधी आपण ओढतो कसं हे बघायला हवं होतं. ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मग एकाच कॉइलचा, अरुंद हवेचा लहान अ‍ॅटमायझर घेतला आणि २८ गेजच्या कँथल तारेचं दहा मीटरचं रीळ आणलं. तयार कॉइलच्या एका पाकिटाच्या निम्म्या पैशांत ते आलं. एका कॉइलला वाया जाणारी टोकं धरून दहा सेंटिमीटर तार लागते, म्हणजे रिळात शंभर कॉइल. कँथल म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू. निक्रोम त्यापेक्षा लवकर तापते, पण तिच्यात निकेल असतं आणि घड्याळाच्या पट्ट्यानेसुद्धा माझ्या मनगटाला खाज सुटते, म्हणून ती बाजूला ठेवली. स्टीलची तारही मिळते, ती तापमान धरून चालणाऱ्या यंत्रांना सोयीची. माझ्या यंत्रात ती सोय नव्हती. एकात एक गुंफलेल्या, जाड तारेवर बारीक तार लपेटलेल्या सुंदर कॉइलही लोक करतात. अशा एका प्रकाराला तर एरिक क्लॅप्टनचं नाव आहे, कारण ती गिटारच्या खर्जाच्या तारेसारखी दिसते. मला त्यांचा मोह झाला, पण रात्रपाळीत भरवशाची कॉइल हवी होती. साधी गोल तार घेतली.

आणि ती तार ऐकेना. अडीच मिलिमीटरच्या स्क्रूड्रायव्हरवर सहा वेढे घट्ट घालायचो, दांडा काढला की वेढे फुगायचे, एकमेकांपासून सुटायचे. आठ-दहा कॉइल टाकून दिल्या. शेवटी एका रविवारी इचलकरंजीला फोन लावला.

"बाबा, बारीक तार वळली की उसळतीय. काय करायचं?"

"तांब्याची?"

"नाही, कडक हाय."

"चुंबक लावून बघ."

फ्रिजवरचा चुंबक काढून लावला. तार लगेच चिकटली.

"मग निक्रोम न्हाई ती, लोखंडाची हाय. जाडी किती?"

"अठ्ठावीस नंबर. पॉइंट बत्तीस."

"पॉइंट बत्तीस म्हणजे आमची तीस नंबर झाली की. अठ्ठावीस पॉइंट सदतीसची असती." त्यांचं गेज ब्रिटिश, माझ्या रिळावरचं अमेरिकन, हा फरक मला आजवर कळला नव्हता. मग ते थांबले. "हीटरची तार कशाला वळतोयस तिकडं?"

तोवर बाबांना मी सिगारेट ओढतो हे माहीत नव्हतं. निदान आमच्यात तसं कधी बोलणं झालं नव्हतं. मी सगळं सांगितलं. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी सुरू केली तेही, पेट्रोल पंपावरची रात्रही. पलीकडे दुकानातल्या पंख्याचा आवाज येत होता.

"आणि आता?"

"तीन आठवडे झाले. एकपण न्हाई."

"बरं," बाबा म्हणाले. "तार आधी तापव. लाल करून गार होऊ दे, मऊ पडती. मग एक टोक पक्कं धर आणि ताण सोडू नकोस. हात सैल पडला की टर्न फसला."

तसंच केलं. तारेचा वीतभर तुकडा चिमट्यात धरून छोट्या टॉर्चच्या ज्योतीवरून हळूहळू सरकवला, गार झाल्यावर दांड्यावर सहा वेढे घातले. या वेळी ते जसे बसले तसेच राहिले. अ‍ॅटमायझरच्या दोन खांबांत कॉइलचे पाय अडकवले, स्क्रू आवळले, उरलेली टोकं खांबालगत कापली. हे कापणं नीट करावं लागतं. माझं एक टोक केसभर बाहेर राहिलं होतं, ते वरच्या टोपीला टेकलं आणि यंत्राने शॉर्ट दाखवून काम थांबवलं. पुन्हा कापलं. मीटरवर १.१२ ओहम. कागदावर मी १.१ काढलं होतं. ही तार मीटरला साधारण १८ ओहम, आणि सहा वेढे अधिक पाय मिळून ६३ मिलिमीटर. गणित जुळलं तेव्हा झालेला आनंद मला शब्दांत सांगता येणार नाही.

मग कोरडीच तापवायची. दहा वॉटवर एक-एक सेकंद बटण दाबायचं. कॉइल मधोमध लाल व्हायला हवी आणि लाली दोन्ही टोकांकडे सारखी पसरायला हवी. माझी आधी उजव्या पायाशीच भडकली. तिथे दोन वेढे जेमतेम टेकत होते. बटण सोडून सिरॅमिकच्या चिमट्याने वेढ्यांवरून तारा छेडल्यासारखं हलकेच फिरवलं, दाबलं, पुन्हा बटण. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती मधूनच पेटली. तापलेल्या कँथलवर ऑक्साइडचा पातळ थर चढतो, त्यामुळे टेकलेले वेढेही मग एकमेकांना शॉर्ट करत नाहीत.

इतकं करूनही पहिला झुरका जळकाच आला. आता दोष वातीचा होता.

इथे सगळे विक म्हणतात, मी वात म्हणतो, कारण काम तेच आहे. आजी समईच्या वाती वळायची तेव्हा कोवळा हात ठेवायची. घट्ट वळलेल्या वातीत तेल चढत नाही, ती काजळी धरते, असं तिचं म्हणणं. मी मात्र कॉइलमध्ये कापूस ठासून भरला होता. जास्त कापूस म्हणजे जास्त लिक्विड असं मला वाटलं होतं, घडतं नेमकं उलटं. दाबलेल्या कापसात लिक्विड चढायला वाट उरत नाही, मधला भाग कोरडा पडतो आणि तारेवर कापूस करपतो. फार कमी घातला तर खालच्या हवेच्या भोकातून लिक्विड गळतं. कापसाची पट्टी कॉइलमधून ओढताना किंचित अडावी, कॉइल जागची हलू पाहावी पण वाकू नये, इतपतच. बाहेर राहिलेली टोकं डेकच्या, म्हणजे कॉइल बसते त्या तळाच्या, कडेला कापायची, चिमट्याने विंचरून निम्मी पातळ करायची आणि लिक्विडच्या वाटेत नुसती टेकवायची, कोंबायची नाहीत. मग थेंब थेंब लिक्विड टाकून कापूस पारदर्शक होईपर्यंत थांबायचं. कापूस ब्लीच न केलेला. औषधाच्या दुकानातला पांढराशुभ्र कापूस एकदा वापरून पाहिला, चार दिवस तोंडात वेगळीच चव येत राहिली.

१३ वॉटवर ओढलं. ऊब आली, चव आली, घशाला तो ओळखीचा हलका धक्का बसला. त्याच रात्री पाळीवर गेलो, खिशात कापसाची डबी, चिमटा आणि वळून ठेवलेल्या दोन कॉइल घेऊन. कापूस चार-पाच दिवसांनी बदलतो. त्या वेळी कॉइल कोरडी तापवून वरचा गोड लिक्विडचा काळा थर जाळून टाकतो, गार झाली की पाण्याखाली धुतो. एकेक कॉइल दीड-दोन महिने चालते. वात बदलायला सहा मिनिटं पुरतात. सिगारेटचं पाकीट मी पुन्हा घेतलेलं नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे, बॅटरीची. माझ्या यंत्रात १८६५० आकाराची सुटी लिथियम बॅटरी बसते. तिच्यावरचं प्लॅस्टिकचं पातळ वेष्टन वरच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढं फाटलं होतं आणि ते मी महिनाभर दुर्लक्षित केलं. या बॅटरीचं वरच्या कडेपर्यंतचं सगळं अंग ऋण ध्रुव असतं, मधली टिकली तेवढी धन, आणि दोन्हींत अंतर मिलिमीटरचं. तिथे धातू टेकला तर बॅटरी पेट घेऊ शकते. बाबांनी व्हिडिओ कॉलवर ती फट पाहिली आणि त्यांचा आवाज चढला. मी त्याच दिवशी नवी वेष्टनं आणली, बॅटरीवर चढवून केस वाळवायच्या यंत्राने आवळली. आता सुटी बॅटरी प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवतो, किल्ल्या-नाण्यांच्या खिशात कधीच नाही. कमी ओहमची कॉइल करणाऱ्याने तर बॅटरी किती अँपिअर सतत देऊ शकते ते पाहिल्याशिवाय तारेला हात लावू नये. पूर्ण भरलेल्या ४.२ व्होल्टवर ०.२ ओहम म्हणजे २१ अँपिअर होतात.

२०२३ च्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा यंत्र इथेच ठेवलं. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री, वाहतूक, साठवण सगळ्यावरच बंदी आहे. बारा दिवस २ मिलीग्रॅमच्या निकोटीन डिंकावर काढले. पहिले तीन अवघड गेले. तोवर मी लिक्विडमध्ये १२ वरून ६ वर आणि ६ वरून ३ वर आलो होतो, त्याचा उपयोग झाला असावा.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुकानात बाबांनी विचारलं, "तुझं ते वळून दाखव की." त्यांनी हीटरच्या तारेचा तुकडा काढला, जाडी मायक्रोमीटरवर बघितली, बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मी काही दाखवायच्या आत स्वतःच वळायला बसले. त्यांच्या बोटांना आता कंप आहे, पण तार हातात आली की तो थांबतो. सहा वेढे, एकमेकांना लागून, दोन्ही पाय एका रेषेत. माझं एकही इतकं सरळ आलेलं नाही.

"निकोटीन किती राहिलं म्हणालास?"

"तीन."

"शून्य कधी?"

"पुढच्या दिवाळीला."

त्यांनी मोटरींची वही ओढली, कोरं पान काढलं आणि तारेची जाडी, दांड्याचं माप, टर्न ६ असं लिहिलं. खाली माझं नाव आणि पुढे ३ चा आकडा. त्यापुढची जागा मोकळी सोडून त्यांनी वही मिटली आणि दारात आलेली मोटर उचलायला मला हाक मारली.