टॉमीला पोहता येत नाही

रविवारी भाच्याने मोठ्या कौतुकाने जीटीए फाइव्ह हा व्हिडिओ गेम दाखवला. समुद्रात सूर मारला, तळाशी जाऊन मासे बघितले, वर येऊन कुणाच्या तरी बोटीत बसला. "भारी आहे रे," मी म्हटलं. तो जेवायला उठल्यावर मात्र लॅपटॉपवर गुपचूप त्याच मालिकेतला जुना व्हाइस सिटी लावला.

२००२ सालचा हा गेम मी खेळलो सायबर कॅफेत. "दादा, दहाच मिनिटं द्या ना," अशी गयावया करत. वहीच्या मागच्या पानावर चीट कोड लिहिलेले असायचे. पँझर टाइप केलं की समोर रणगाडा हजर. रणगाडा होता, पण हीरोला पोहता येत नव्हतं. मायामीवर बेतलेलं शहर, जिकडेतिकडे पाणी, आणि टॉमी व्हर्सेटी पाण्यात पडला की संपला! दोन वर्षांनी आलेल्या पुढच्या गेममध्ये, सॅन अँड्रियासमध्ये, हीरो सीजे पोहायला लागला तेव्हा आम्हाला कोण आनंद झाला होता. आता वाटतं, त्या दिवसापासून पाण्याची भीती गेली ती गेलीच.

डिमॉलिशन मॅन नावाचं मिशन आठवतं? खेळण्यातल्या हेलिकॉप्टरने अर्धवट बांधलेल्या इमारतीत चार बॉम्ब ठेवायचे. आमच्या कॅफेतल्या कीबोर्डचा नमपॅड, म्हणजे हेलिकॉप्टर वळवायच्या आकड्यांच्या कळा, निम्मा मेलेला. चौथा बॉम्ब उचलला की हटकून वेळ संपायची. गेमची आणि कॅफेचीही.

२०२१ मध्ये हे जुने गेम नव्याने रंगवून आणले. सॅन अँड्रियासमध्ये लांबवर कायम धुकं असायचं, कारण इतकं सगळं एकदम दाखवणं तेव्हाच्या प्लेस्टेशन २ ला झेपणारं नव्हतं. नव्या आवृत्तीत ते धुकं काढलं, आणि डोंगरावर उभं राहिलं तर अख्खं राज्य एका नजरेत! गेममधल्या ज्या लास व्हेंचुरस शहराला वाळवंट तुडवत जायचो, ते हे असं शेजारच्या गल्लीत? आमच्या वाड्याचं अंगण मोठेपणी बघितलं तेव्हा झालं होतं, तस्संच झालं.

भाचा हात पुसत आला आणि लॅपटॉप ओढून घेतला. पहिल्याच वळणावर बाइकवरून थेट पाण्यात.

"मामा, हा पोहत का नाही?"

"येत नाही त्याला."

त्याने माझ्याकडे बघितलं, पुन्हा एक बाइक चोरली आणि या खेपेला पुलावरून ब्रेक दाबत दाबत गेला.