450 रुपये जास्तीचे

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात लातूरच्या मार्केट यार्डात काय गर्दी असते ते ज्यांनी बघितलंय त्यांनाच कळेल. 2024 ची गोष्ट. सोयाबीनची आवक जोरात, हमीभाव क्विंटलला 4,892 जाहीर झालेला आणि सौदे मात्र त्याच्या बरेच खाली, शेतकरी नाराज, पण लेकरांना कपडे घ्यायचेत, रब्बीची पेरणी डोक्यावर, माल धरून कोण ठेवणार.

मी एका आडतीवर हिशोबाला आहे. एमबीए करून इथं आलो आणि सगळं कॉम्प्युटरवर घेतलं. त्याआधीचा कारभार दिवाणजींच्या लाल वहीत. दिवाणजी अजून आहेत, सत्तरी ओलांडलीय, गळ्यात इष्टलिंग, चष्म्याला दोरी. मी टॅलीत टाकतो, ते रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहितात आणि रात्री दोन्ही जुळवून मगच शटर खाली. शेटजींना रोजचा पडता रोज लागतो, म्हणजे आज किती लागले, किती सुटले, ते आजच. बिर्लांच्या कारखान्यांत हीच पडत्याची पद्धत वर्षानुवर्षं चालली हे मला एमबीएला कुणी सांगितलं नव्हतं, दिवाणजींकडून कळलं.

त्या दिवशी कॅशवरचा पोरगा रजेवर होता म्हणून पैसे वाटायला मीच बसलो. 71 पट्ट्या झाल्या, पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचं बिल. रात्री साडेआठला गल्ला मोजला तर वहीला शिल्लक 2,18,340 आणि हातात 2,18,790. परत मोजलं. तेच. 450 जास्त.

मी म्हणलं, दिवाणजी, कमी तर नाहीत ना, उचंतीला जमा टाकतो आणि बंद करू. असं मी आधीपासूनच करत आलो होतो, वर्षभरापूर्वी टॅलीत उचंती खातं उघडलं होतं आणि दहा-वीस, शे-दोनशेचा फरक आला की तिकडं ढकलायचा. लाखोंच्या उलाढालीत एवढ्याशा फरकासाठी माणसांचे तास घालवायचे नसतात हे मी शिकून आलेलो आणि ते मला पटलेलंही होतं.

दिवाणजींनी पेनाचं टोपण लावलं आणि माझ्याकडं बघून म्हणले, "कमी पडले तर आपले गेले, आपण सोसू. जास्त निघाले म्हंजी दुसऱ्याचे आपल्याकडं राहिले. मंग दिवस मिटला कसा लेकरा?"

मला काही बोलताच आलं नाही.

मग त्यांनी बोटावर बेरीज केली, चार अन् पाच नऊ. म्हणले, नऊनं भाग जातोय, आकडा उलटा पडलाय कुठंतरी. शेजारशेजारचे दोन आकडे उलटे लिहिले की येणारा फरक नेहमी नऊच्या पाढ्यातला असतो. 450 ला नऊनं भागलं की 50. शेवटी शून्य आहे म्हणजे गडबड एककात नाही, शतक आणि दशकात आहे, आणि त्या दोन आकड्यांत पाचाचा फरक पाहिजे. पैसे आपल्याकडं उरलेत म्हणजे पट्टीवर मोठा आकडा पुढं असणार. हे सगळं त्यांनी मला दोन मिनिटांत सांगितलं आणि 71 पट्ट्यांचा गठ्ठा पुढ्यात ओढला. मी कॉम्प्युटर समोर ठेवून नुसता बघत बसलो.

अशा आकड्याच्या चार पट्ट्या निघाल्या. दोघांचे पैसे बँकेत टाकलेले, एकाला दिवाणजींनी स्वतः मोजून दिलेले. राहिली चौथी, सहा कट्टे सोयाबीन, हमाली-तोलाई जाऊन निव्वळ 14,720. पट्टी उलटी केली तर मागं माझ्याच अक्षरात पेन्सिलीनं नोटांचा तपशील, पाचशेच्या 28, शंभराच्या 2, पन्नासची 1, विसाची 1. बेरीज 14,270.

माझे कान तापले. शेतकऱ्याचा नंबर पट्टीवर होता, रिंग जात होती पण उचलेना. मी म्हणलं, सकाळी लावतो. शेटजी आतापर्यंत एक शब्द बोलले नव्हते, त्यांनी खिशातनं गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. 450 रुपयांसाठी डिझेल किती जाईल हा विषय त्या माणसानं काढलाच नाही आणि मला वाटतं कंपनी चालवणं म्हणजे काय ते मी त्या एका किल्लीत जास्त शिकलो.

औश्याच्या पुढं गाव. दिवाणजी हट्टानं सोबत आले. पोचलो तेव्हा दहा वाजून गेलेले, पत्र्याचं घर, दारात बाज, त्यावर काका आडवे झालेले. गाडीचा लाईट पडला तसे दचकून उठले आणि पहिलं वाक्य काय तर, "कामून आलाव एवढ्या रातीला? माल वापस आला का?"

दिवाणजींनी दोन्ही हातांनी 450 रुपये पुढं केले आणि काय झालं ते सांगितलं. काकांनी पैसे घेतले, थोडा वेळ नुसतेच हातात धरून बसले. मग म्हणले, "मी मोजले व्हते की घरी आल्यावर. कमी हायत ते कळलं व्हतं. कायतरी कटती आसंल मनून गप बसलो."

ते त्यांनी रागानं नाही सांगितलं, कसलीही तक्रार नव्हती आवाजात, आणि त्यामुळंच मला ते सहन होईना. पट्टी हातात आहे, पैसे कमी आहेत हे कळतंय आणि तरी माणूस विचारायला येत नाही, कारण बाजारात कापून घेतात हे त्यानं धरूनच चाललेलं. माझ्या उचंती खात्यात हे असे गप बसलेले किती असतील, हे मला त्या बाजेजवळ उभा असताना पहिल्यांदा सुचलं. काकूंनी चहा केला, पिऊनच निघालो.

परत येताना दिवाणजी बोलत होते. एकनाथ महाराज देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडं हिशोब बघायचे, एका पैची चूक सापडेना म्हणून रात्रभर बसले आणि सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली ती गोष्ट. ती मी लहानपणी कीर्तनात ऐकलेली, पण तेव्हा ती भक्तीची गोष्ट वाटायची, हिशोबाची नाही. आणि बसवेश्वर, बाराव्या शतकात बिज्जल राजाच्या पदरी, आधी हिशोबनीस मग भांडारी. कायकवे कैलास, काम हाच कैलास, म्हणणारा माणूस आधी खतावण्या लिहीत होता. दिवाणजींना हे सगळं शिकवायचं म्हणून सांगायचं नव्हतं, ते आपल्या धंद्यातल्या थोरल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलत होते. आम्हाला इंडियन एथॉसचा पेपर होता, त्यात कौटिल्यानं सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार मोजलेत हे पाठ केलेलं. ते खरंच उपयोगाचं आहे, कंट्रोल कसे लावायचे ते त्यातनं कळतं. पण कुणीच काही खाल्लं नाही आणि तरी दुसऱ्याचा पैसा आपल्या गल्ल्यात राहिला, ही केस कुणी घेतली नव्हती.

यार्डात यायला पावणेबारा झाले. दिवाणजींनी वही उघडली, 450 गेल्यावर गल्ला वहीतल्या शिल्लकेला जुळला, वहीला हात लावून कपाळाला लावला आणि घरी गेले.

सकाळी मी आठलाच आलो आणि उचंतीचं लेजर उघडलं. 17 एंट्र्या, सगळ्या जमेच्या, मिळून 2,346 रुपये. एकेक आकडा घेऊन बोटावर बेरीज करत गेलो. पाच आकडे नऊनं भागले जात होते. माळ्यावरून जुन्या पट्ट्यांचे गठ्ठे खाली काढले आणि पहिल्या तारखेपासून सुरुवात केली.