चौदा की सोळा?

मी शाळेत अर्धमागधी, म्हणजे जुन्या जैन ग्रंथांची भाषा, शिकवते. दहावीला हा विषय घेणाऱ्या मुलांचा डोळा बहुतेक मार्कांवर असतो, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. या विषयामुळेच बिबवेवाडीतल्या जैन युवकांच्या प्रश्नमंजूषेला परीक्षक म्हणून बोलावणं आलं.

पहिली फेरी लांछनांची, म्हणजे तीर्थंकरांच्या ओळखचिन्हांची. बैल ऋषभदेवांचा, शंख नेमिनाथांचा, कासव मुनिसुव्रतांचं. पाठशाळेत घोटून घेतलेलं सगळं. चित्र पडद्यावर नीट दिसायच्या आत बझर. मला अशी फेरी कंटाळवाणी वाटते, पण पुढच्या रांगेतल्या आज्या खूश होत्या.

दुसऱ्या फेरीत निवेदकानं विचारलं, "महावीरांच्या जन्माआधी त्रिशलामातेला किती स्वप्नं पडली?" सांगलीहून शिकायला आलेल्या एका मुलानं बझर दाबला. "सोळा."

कार्डावर चौदा. "चूक. वजा पाच."

मुलगा हटेना. "सर, आमच्या बस्तीत, देवळात, लहानपणापासून सोळाच ऐकलीयत." मागून एक काका उठले, "चौदाच! पर्युषणात दरवर्षी बोली लावून सुपनं, स्वप्नांच्या प्रतिकृती, उतरवतो आम्ही." मग काय, अर्धं सभागृह चौदा, अर्धं सोळा, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे.

जैनांच्या दोन पंथांपैकी श्वेतांबर परंपरेत चौदा आणि दिगंबर परंपरेत सोळा, हे मी एका वाक्यात सांगून टाकू शकले असते. पण काका ऐकणाऱ्यातले दिसत नव्हते. मी त्या मुलाला आणि समोरच्या संघातल्या एका मुलीला स्वप्नं मोजायला लावलं. हत्ती, बैल, सिंह, लक्ष्मी, माळ, चंद्र, सूर्य. इथवर दोघं एका सुरात. तिनं ध्वज म्हटलं आणि तो अडखळला. त्याच्याकडे ध्वज नव्हता. मत्स्ययुगल, सिंहासन आणि नागभवन मात्र होतं, जे तिनं कधी ऐकलंच नव्हतं. कलश, सरोवर, समुद्र, विमान, रत्नराशी, अग्नी पुन्हा दोघांचे सारखे. लोक बोटांवर मोजत होते. एक जाऊन तीन आले की चौदाचे सोळा होतात, हा हिशेब काकांनाही पटला असावा, ते बसले.

मी वजा पाच काढून दहा दिले. "पण मॅडम, कार्डावर…" आयोजक कुजबुजले. "कार्ड अपुरं आहे," मी म्हटलं.

चहाच्या वेळात उरलेली कार्डं मागून घेतली. महावीरांच्या पत्नीचं नाव विचारलं होतं. यशोदा हे उत्तर श्वेतांबरांचं. दिगंबर परंपरेत महावीर अविवाहित. मल्लिनाथांवरचा प्रश्न तर आयोजकांना गाळायचाच होता. "कशाला उगाच वाद?" मी ऐकलं नाही. दोन्ही कार्डांवर पेन्सिलीनं 'श्वेतांबर परंपरेनुसार' एवढंच वाढवलं. असा प्रश्न काढणाऱ्यानं हे दोन शब्द आधीच घालावेत. त्यात कुणाचा धर्म बुडत नाही.

"श्वेतांबर परंपरेनुसार स्त्री असलेले तीर्थंकर कोणते?" बझर वाजला तो सांगलीकराचाच. "एकोणिसावे, मल्लिनाथ. आमच्यात ते पुरुष आहेत, पण मार्क द्या."

काकासुद्धा हसले.

बक्षीस मात्र तिसऱ्याच संघानं नेलं. श्रवणबेळगोळच्या बाहुबलीच्या मूर्तीच्या पायाशी मराठीत काय कोरलंय, या शेवटच्या प्रश्नावर दोन्ही संघ गप्प राहिले, आणि तोवर तोंड न उघडलेली एक मुलगी स्पष्ट म्हणाली, "श्रीचावुण्डराजें करवियलें." म्हणजे, चावुंडरायानं करवून घेतलं.

माझी विद्यार्थिनी नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.