रावेरात बसून गोल्फ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "केळीवाला माणूस तू भाऊ, तुझ्या डोक्यात गोल्फ कुठून शिरलं? आणि शिरलंच, तर टायगर वूड्स सोडून हा चौरसिया कोण?" लग्नाच्या पंगतीपासून केळीच्या काट्यापर्यंत हा प्रश्न काही माझी पाठ सोडत नाही. चेंडू भोकात घालायला जो कमी फटके मारतो तो जिंकतो, एवढं सांगितलं तरी आमच्याकडे लोक हसतात.

एस. एस. पी. चौरसिया. वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात हिरवळ राखायचे. पोरगा तिथेच बघून बघून शिकला आणि १९९७ साली व्यावसायिक खेळाडू झाला. अंगकाठी लहान, त्यामुळे पहिला फटका इतरांइतका लांब जात नाही. मला तो आवडतो तो पुढच्या कामासाठी. भोकाभोवतीचं गवत तीन-चार मिलिमीटरवर कापलेलं असतं. चेंडूचा वेग मेला की उतार त्याला ओढतो, म्हणून खरं वळण शेवटच्या हातभर अंतरात येतं. ते आधीच ओळखून नेम भोकाच्या बाजूला धरायचा. इथे दंडाची ताकद कामाची नाही, आणि इथेच हा गडी भारी.

दिल्ली गोल्फ क्लबवर दोन्ही अंगांना झुडपं, मधली वाट अरुंद. तिथे २००८ साली त्याने इंडियन मास्टर्स ही स्पर्धा मारली. अर्जुन अटवाल आणि जीव मिल्खा सिंग यांच्यानंतर युरोपियन टूर या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत जिंकणारा तो तिसरा भारतीय. २०११ ला अवंथा मास्टर्सही घेतली.

इंडियन ओपन ही स्पर्धा मात्र हुलकावणी देत राहिली. कितीदा दुसरा! २०१५ ला अनिर्बान लाहिरीशी बरोबरी झाली आणि प्ले-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा खेळात, हातची गेली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, हे घरचेही सांगतील. पुढच्याच वर्षी तेच मैदान, लाहिरी मागे, आणि चौरसिया दोन फटक्यांनी पुढे. २०१७ ला गुरुग्रामच्या अवघड कोर्सवर तर सात फटक्यांनी! क्रिकेटवाल्यांनी डावाने विजय समजावा. मधल्या काळात रिओ ऑलिंपिकलाही जाऊन आला.

टायगर मोठाच, त्यात वाद नाही. पण कधी बघायला बसलात, तर पहिल्या लांब फटक्याला टाळ्या वाजवू नका. शेवटच्या शंभर यार्डांत कोण काय करतो ते बघा. घरी या, दाखवतो. चहा उकळून, गाळून, पिऊन होईस्तोवर एकच होल संपतं, एवढं मात्र आधीच सांगून ठेवतो.