मिरकूरचं व्हायोलिन, गॉलवेचं सेशन

आयर्लंडमधल्या गॉलवेच्या पबमध्ये संध्याकाळी सेशन बसतं तेव्हा स्टेज नसतं, माइक नसतो, समोर नोटेशनही नसतं. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती वादक जमतात. कोणाकडे लाकडी बासरी, कोणाकडे बँजो किंवा अकॉर्डियन, आणि दोन-तीन व्हायोलिनं, म्हणजे इथल्या बोलीत फिडल. एकजण रील, म्हणजे नाचाची जलद धून, सुरू करतो, ज्यांना ती येते ते तिच्यात शिरतात, धून दोन-तीनदा फिरते आणि मध्ये श्वासही न घेता पुढची सुरू होते. एवढ्या कल्लोळात आपलं वाद्य आपल्याला ऐकू यायला हवं. माझं येतं. ते आयरिश नाही, शंभरेक वर्षांपूर्वीचं फ्रेंच आहे.

ईशान्य फ्रान्समध्ये व्होज भागात मिरकूर नावाचं छोटं गाव आहे. कित्येक पिढ्या तिथे व्हायोलिनं बनत आली. पॅरिसमध्ये नाव काढणारा व्हायोलिन-कारागीर जाँ-बातिस्त व्हियोम १७९८ साली इथलाच जन्मलेला. त्याची वाद्यं आज कोणाच्या नशिबी! आपल्यासारख्यांच्या हाती येतात ती इथल्या मोठ्या कार्यशाळांमधली. जेरोम तिबुविल-लामी हे त्यातलं सर्वात मोठं नाव, लाबेर्त हे दुसरं. तिथे एका वाद्यावर अनेकांचा हात फिरायचा. कोणी मानेच्या टोकाचं वळण कोरायचं, कोणी स्प्रूसची पुढची आणि मेपलची मागची फळी घडवायचं, कोणी रोगण चढवायचं. बाजूच्या पट्ट्या बाहेरच्या साच्यात बसवून वाकवत, म्हणून आकार एकसारखा यायचा. सगळं प्रतवारीनुसार विकलं जाई. अगदी स्वस्त ‘मेदियो फिनो’ प्रतीत काठाभोवतीची काळी रेघ नुसती शाईने काढलेली असे. वरच्या प्रतीत त्याच जागी लाकडाच्या बारीक पट्ट्या खाचेत बसवलेल्या असत. या पट्ट्या शोभेच्या तर आहेतच, पण काठाला गेलेला तडा त्या आत पसरू देत नाहीत.

‘कारखान्यातलं वाद्य’ म्हणून नाक मुरडणारे इथेही भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. रोज तेच वळण कोरणाऱ्या माणसाच्या पटाशीत जी सफाई येते, ती माझ्या वाद्याच्या मानेवर बोट फिरवलं की कळते. अशी वाद्यं शाळकरी मुलांनी वाजवली, नाचाला साथ करणाऱ्यांनी वाजवली, आणि ती अजून वाजताहेत.

फिडलसाठी वाद्य बघताना मी आवाजाच्या गोडव्याआधी तो किती पटकन उमटतो ते बघते. रीलमध्ये स्वर झरझर जातात. गज टेकताक्षणी तार बोलली नाही तर तो स्वर गेलाच. माझं वाद्य चटकन बोलतं, आणि वरच्या दोन तारांचा आवाज धारदार आहे. बंद खोलीत एकटीने वाजवताना तो थोडा कर्कशही वाटतो, पण टेबलाभोवती हीच धार उपयोगी पडते. इथल्या बऱ्याच धुना डी आणि जी या सुरांत असतात, त्यामुळे मोकळ्या तारा सतत झणकारत राहतात. बोटं बहुतेक वेळ मानेच्या टोकाशीच, पहिल्या पोझिशनमध्ये. म्हणून अनेक फिडलवादक घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा, किंचित सपाट करून घेतात: एका तारेवरून दुसरीवर गज कमी हालचालीत जातो, दोन तारा एकत्र वाजवणंही सोपं होतं. तारा बहुधा पोलादी गाभ्याच्या.

व्हायोलिनवादक पं. वि. गो. जोग यांच्या रेकॉर्ड ऐकत वाढलेल्या माझ्या कानाला हे वळण पडायला वेळ लागला. आपल्याकडे बोट तारेवरून घसरत स्वरापर्यंत जातं, मींड हाच जीव. इथे बोट तारेला टिचकी मारून उठतं. त्याला ‘कट’ म्हणतात. ‘रोल’मध्ये मूळ स्वराला वरचा आणि खालचा स्वर एका झटक्यात चाटून जातात. वाद्य तेच, हात मात्र नव्याने तयार करावा लागतो.

घरून एक प्रश्न नेहमी येतो: आजोबांच्या व्हायोलिनमध्ये ‘स्ट्रॅडिव्हेरियस’ असं जगप्रसिद्ध जुन्या कारागिराच्या नावाचं लेबल आहे, लाखो रुपये मिळतील का? असं लेबल मिरकूरमध्ये आणि जर्मनीत अगणित वाद्यांना लावलं गेलं. कोणाच्या नमुन्यावर वाद्य बेतलंय एवढंच ते सांगतं. लेबलवर ‘फ्रान्स’ असं देशाचं नाव इंग्रजीत छापलेलं असेल, तर ते बहुधा १८९१ नंतरचं, कारण त्या वर्षापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं.

किमतीपेक्षा प्रकृती आधी बघा. पुढच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये एक लाकडी काडी उभी असते. तिच्या जागी फळीला तडा असेल, विशेषतः मागच्या, तर दुरुस्ती खर्चिक आणि किंमत बरीच खाली. मान पुढे झुकली असेल तर तारा बोटं टेकवायच्या पट्टीपासून उंच जातात आणि बोटं दुखतात. काठाचा जोड सुटलेला दिसला तर घाबरू नका. ही वाद्यं प्राण्यांच्या सरसाने जोडलेली असतात, आणि हवा कोरडी झाली की लाकूड फुटण्याआधी जोड सुटावा अशीच ती योजना असते. पावसाळी आयर्लंडमध्ये हिवाळ्यात घरातला हीटर सुरू झाला की माझंही उघडतं, मग कारागीर गरम सरस लावून ते पुन्हा बसवून देतो. तुमच्याकडे असं झालं तर सुताराचा पांढरा गोंद मात्र लावू नका. तो जोड पुन्हा नीट उघडता येत नाही, आणि पुढच्या वेळी फळीच फाटते.